फिलँथ्रॉपी: पैशाच्या आधीची गोष्ट

बिल गेट्स यांनी मे २०२५ मध्ये जाहीर केलं, की जवळपास सगळी संपत्ती ते वीस वर्षांत देऊन टाकतील आणि ३१ डिसेंबर २०४५ रोजी त्यांचं फाउंडेशन बंद होईल. तेव्हापासून ‘फिलँथ्रॉपी’ हा शब्द अब्जांच्या आकड्याशिवाय वाचायलाच मिळत नाही. मूळ शब्दात मात्र पैसा नव्हताच.

ग्रीकमध्ये ‘फिलोस’ म्हणजे जिवलग, ‘अँथ्रोपोस’ म्हणजे माणूस. एस्किलसच्या नावावर असलेल्या एका नाटकात प्रोमिथिअसला या दोन शब्दांतून झालेलं विशेषण लागतं, तेही त्याचा अपराध सांगताना: त्यानं देवांचा अग्नी माणसांना दिला. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रुळू लागला. फ्रान्सिस बेकननं १६१२ च्या निबंधात चांगुलपणाचा अर्थ उलगडताना ग्रीकांच्या याच शब्दाचा आधार घेतला.

अठराव्या शतकात इंग्रजांनी ‘फिलँथ्रॉपिस्ट’ म्हणून ज्याला डोक्यावर घेतलं, तो जॉन हॉवर्ड. १७७३ मध्ये तो बेडफर्डशायरचा शेरीफ झाला. तुरुंगात गेला तर तिथं निर्दोष सुटलेली माणसंही अडकलेली. कारण तुरुंगाधिकाऱ्याला पगार नव्हता. तो कैद्यांकडून फी घ्यायचा, आणि फी भरल्याशिवाय कुणाला सोडायचा नाही. हॉवर्ड म्हणाला, याला पगार द्या. न्यायाधीशांनी विचारलं, असं आधी कुठं झालंय? तो दाखला शोधायला हॉवर्ड शेजारच्या परगण्यांत फिरला आणि त्याला सगळीकडं तोच अन्याय दिसला. १७७४ मध्ये संसदेनं कायदा करून निर्दोष सुटलेल्यांची फी रद्द केली. मग तो युरोपभर तुरुंग पाहत हिंडला. विलगीकरणातले हाल कळावेत म्हणून साथीचा संशय असलेल्या जहाजात मुद्दाम बसला आणि व्हेनिसच्या विलगीकरण केंद्रात दिवस काढले. १७९० मध्ये खेरसनला तापानं गेला. त्यानं पदरचे पैसेही खर्च केले, पण त्याला ‘दानशूर’ म्हणणं अपुरं आहे. त्यानं माणसांची अवस्था स्वतः जाऊन पाहिली, मोजली, लिहून काढली.

हा अर्थ मागं पडला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतला पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी या शब्दाचा चेहरा झाला. श्रीमंतानं हयातीतच संपत्ती लोकहितासाठी वापरावी, हे त्याचं १८८९ चं म्हणणं. गेट्स यांनी आपल्या निवेदनात त्याचाच हवाला दिला आहे. पण १८९२ मध्ये कार्नेगीच्याच होमस्टेड पोलाद कारखान्यात मजुरीकपातीवरून टाळेबंदी झाली, गोळीबारात माणसं मेली आणि कामगारांची संघटना मोडली. १८९८ मध्ये तिथं त्याचं ग्रंथालय उघडलं. बारा-बारा तास भट्टीपुढं राबणाऱ्यानं पुस्तक कधी वाचायचं?

गेट्स फाउंडेशनचं लसीकरणातलं काम मला मोलाचं वाटतं. त्यानं मुलं जगली आहेत. तरीही पुढच्या वीस वर्षांत हा पैसा ज्यांच्यासाठी खर्च होणार, त्यांच्यापैकी कोण निर्णयाच्या बैठकीत बसणार आहे, हे आकड्याआधी विचारायला हवं.