गावी परतायचे? आधी तब्येतीला विचारा



पन्नाशी ओलांडली की आपल्या वस्तीत एक बोलणे हमखास निघते. "अजून किती वर्षे रेटायचे? आता गावाकडे जाऊ." चेंबूर, गोवंडी, घाटकोपरला, पुण्यात, वाळूजच्या कारखान्यांच्या आसपास मराठवाड्यातून आलेली आपली असंख्य कुटुंबे आहेत. 1972 च्या दुष्काळात आईबापाचे बोट धरून जी लेकरे मुंबईत आली, ती आज साठीच्या पुढे गेली आहेत. त्यांच्यामागून आलेले आता पन्नाशीत आहेत. जाफराबाद तालुक्यातले समाजबांधव लग्नात, जयंतीत भेटले की टेंभुर्णी, माहोऱ्याच्या गप्पांबरोबर हाच विषय निघतो. म्हणून या वेळचे आरोग्याचे पान याच प्रश्नावर आहे.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. जायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, पण अंगात ताकद असताना, तपासण्या करून आणि कागद हातात घेऊन ठरवावे. आजाराने ढकलले म्हणून जो गावी जातो, तो नेमका गरज असताना दवाखान्यापासून लांब जातो.

बाबासाहेबांचा इशारा आणि आजचे गाव

4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याच्या कौतुकावर कठोर टीका केली. खेडे हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे आगर आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याआधी जुलै 1942 मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या स्थापनेच्या परिषदेत आपल्या लोकांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. आपले आईबाप गाव सोडून निघाले, त्यामागे पोटाइतकाच मानाचाही प्रश्न होता.

म्हणून परत जाताना हेही आरोग्याचेच प्रश्न समजा: बौद्धवाड्यात नळाला पाणी येते का? स्मशानभूमीला रस्ता आहे का? चावडीवर, दुकानात आपल्याशी कसे बोलतात? तीस-चाळीस वर्षे शहरात ताठ मानेने जगलेल्या माणसाला उतारवयात पुन्हा खालच्या मानेने वागावे लागले, तर झोप उडते, रक्तदाब वाढतो, माणूस खंगतो. काही गावांत चित्र खरोखर बदलले आहे, काहींत नाही. आपल्या गावाचे खरे काय ते तिथे राहणाऱ्या भावकीलाच विचारा.

शहरातली वस्ती तरी कुठे आरोग्याची खाण आहे? दहा बाय दहाची खोली, बाजूला नाला, सार्वजनिक संडासाची रांग, गल्लीत क्षयाचा रुग्ण. सातव्या मजल्यावर घर मिळाले तर लिफ्ट बंद. गुडघे गेलेल्या माणसाला गावातले जमिनीलगतचे घर हवेसे वाटते, यात काही चूक नाही.

निवृत्ती म्हणजे नेमके काय सोडणार?

आपल्यातल्या नाक्यावरच्या मजुराला, धुणीभांडी करणाऱ्या बाईला निवृत्तीचा दिवसच नसतो. हातपाय थांबतील तोच दिवस. पण ज्यांचा पगारातून विमा आणि फंड कापला जातो, त्यांनी घाईने राजीनामा देऊ नये.

कामगार विमा योजनेत (ईएसआयसी) किमान 5 वर्षे विमेदार राहून जो निवृत्तीच्या वयाला, स्वेच्छानिवृत्ती योजनेत किंवा मुदतपूर्व निवृत्ती घेऊन नोकरी सोडतो, त्याला आणि त्याच्या जोडीदाराला वर्षाला 120 रुपये भरून पुढेही वैद्यकीय उपचार मिळू शकतात. साध्या राजीनाम्याने ही सोय हातची जाऊ शकते. कंपनीच्या दाखल्यावर काय शब्द लिहिला आहे, यावर पुढची औषधे अवलंबून असतात. सही करण्याआधी विमा कार्यालयात जाऊन विचारा. जाफराबादला राहणाऱ्यासाठी विमा योजनेचे रुग्णालय छत्रपती संभाजीनगरला आहे, हेही लक्षात ठेवा.

फंडाच्या पेन्शनला 10 वर्षांची सेवा लागते. पूर्ण पेन्शन 58 व्या वर्षी मिळते. 50 नंतर लवकर घेता येते, पण जितकी वर्षे आधी घ्याल तितक्या वर्षांना दरवर्षी 4 टक्के कमी, आणि ती कपात कायमची. दहा वर्षे भरायला थोडेच महिने उरले असतील, तर ते पूर्ण करूनच निघा.

महापालिका, नगरपालिकेतल्या सफाई कामगारांच्या घरात आणखी एक हिशेब असतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे वारसाला नोकरी मिळते, म्हणून मुलासाठी बाप लवकर निवृत्ती घेतो. हे समजण्यासारखे आहे. मात्र वर्षानुवर्षे कचऱ्यात, गटारात काम केलेल्या फुप्फुसांची आणि कातडीची तपासणी नोकरीत असतानाच करून घ्यावी.

जाफराबादपासून दवाखाना किती लांब?

शहरात आपण दवाखाना अंतराने मोजत नाही. गावी गेलो की मोजावा लागतो. गावाजवळ उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याला ग्रामीण रुग्णालय, त्यापुढे साधारण 50-60 किलोमीटरवर जालन्याचे जिल्हा रुग्णालय आणि सुमारे 100 किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरचे घाटी. दुसऱ्या बाजूला चिखली, बुलढाणा. जालना आणि बुलढाणा या दोन्ही ठिकाणच्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2024 रोजी झाले, ही पुढच्या काळासाठी जमेची बाजू.

रक्तदाब, साखर, साधा ताप, जखम यांसाठी गाव पुरते. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत.

अडते ते घाईच्या आजारात. पक्षाघाताचा झटका आला, म्हणजे तोंड वाकडे झाले, एक हात पडला, बोबडी वळली, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही डोक्याचा सीटी स्कॅन झाल्यावर. हृदयविकारात तर पहिला तास मोलाचा. 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून राज्यात आहे. तरीही रात्री दोन वाजता वाड्यात कोणाची गाडी निघेल, हे आधीच ठरवून ठेवा.

ज्याचे डायलिसिस सुरू आहे, त्याला आठवड्याला दोन-तीन वेळा यंत्रावर बसावे लागते. जाफराबादहून प्रत्येक वेळी जालन्याला जाणे-येणे म्हणजे अख्खा दिवस आणि सोबत एक माणूस. कर्करोगाचे उपचार मुंबईत टाटा रुग्णालयात सुरू असतील, तर ते संपेपर्यंत मुक्काम हलवू नये, असे आमचे मत आहे. क्षयाची औषधे सुरू असतील तर एक दिवसही खंड पडता कामा नये. जाण्याआधी आरोग्य केंद्रात सांगून उपचार गावाकडच्या केंद्राकडे वर्ग करून घ्या. पोषणाचे महिना 1000 रुपये खात्यात येतात, ते सुरू आहेत का तेही पाहा.

"गावची हवा चांगली"

हवा बरी आहे, हे खरे. पण माणूस नुसत्या हवेवर जगत नाही. जालना जिल्ह्याने 2012-13 चा भीषण दुष्काळ पाहिला आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे, हंडे उचलणे, चाळिशी पार केलेला पारा हे सगळे पन्नाशीनंतरच्या शरीराला सोसावे लागते. चुलीचा धूर दम्याच्या माणसाला शहराच्या धुराइतकाच वाईट.

हाताला काम म्हणून कापसावर फवारणी करायला जाणाऱ्यांनी सावध राहावे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. सवय मोडलेल्या माणसाने पंप पाठीवर घेऊच नये, आणि घेतलाच तर तोंड-हात झाकून, वाऱ्याची दिशा पाहून, उपाशीपोटी नाही.

साप चावला तर मांत्रिक नको. चावलेला भाग कापू नका, घट्ट आवळू नका, हलवू नका. माणसाला चालवू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा, सापाच्या विषावरची लस तिथे असते.

दारूचे काय? शहरात कामामुळे संध्याकाळपर्यंत थांबणारा माणूस गावात रिकामा बसला की सकाळपासून सुरू होतो. पंचशील फोटोपुढे म्हणण्यापुरते राहू नये.

घरातल्या बाईला विचारले का?

बहुतेक घरांत हा निर्णय पुरुष घेतो आणि बाई सामान बांधते. तिने शहरात चार घरची कामे करून स्वतःचे पैसे हाताळले आहेत, तिच्या मैत्रिणी, तिचे विहारातले महिला मंडळ इथे आहे. गावी पाणी, सरपण, सासरची भावकी आणि आजारी नवऱ्याची सेवा तिच्याच वाट्याला येते. तिचे गुडघे, तिचे हिमोग्लोबिन, तिचे अंगावर काढलेले दुखणे यांचा हिशेब आधी मांडा. ती "नाही" म्हणाली तर त्या नाहीला वजन द्या.

आधी राहून बघा

दिवाळीत किंवा जत्रेत गाव सगळ्यांनाच गोड लागते. एप्रिल-मे मध्ये दोन महिने राहा आणि एक पावसाळा काढा. गोळ्या मिळाल्या का, पाणी कसे होते, झोप लागली का, पोरांशिवाय मन रमले का, हे वहीत लिहा. जाण्यायेण्याला एसटी आहे: महिलांना अर्धे तिकीट, 65 ते 75 वयाला अर्धे, 75 नंतर मोफत.

तोवर शहरातली खोली विकू नका. नुसते कुलूप लावूनही ठेवू नका, मुलगा-सून किंवा घरचे कोणी राहू द्या. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या सर्वेक्षणात बंद घराचे नाव गळण्याची भीती असते. उपचारासाठी परत यावे लागले, तर टेकायला जागा हवी.

निघण्याआधी एवढे करा

- रक्तदाब, साखर (तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणीसुद्धा), मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, ईसीजी, डोळ्यांत मोतीबिंदू आहे का, हे तपासा.
- दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी आणि छातीचा फोटो.
- तंबाखू, गुटखा, मिश्री असेल तर तोंड दाखवा. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दुर्लक्षू नका.
- महिलांनी स्तनाची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्यावी.
- दोन महिन्यांच्या गोळ्या, सगळे जुने कागद आणि औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी एका पिशवीत ठेवा. बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करू नका.
- आयुष्मान कार्ड काढा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसह कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार, यादीतल्या रुग्णालयांत आणि यादीतल्या आजारांसाठी मिळतात. सत्तरी पार केलेल्यांचे कार्ड वेगळे निघते. रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यात धरू नका.
- रेशनकार्ड आणि आधारवरची नावे जुळवून घ्या.

विहाराचे काम

आजारी पडून एकट्याच पडलेल्या भिक्खूला तथागतांनी स्वतः आंघोळ घातली आणि आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा, असे संघाला शिकवले. ही गोष्ट आपण वर्षावासात ऐकतो. गावी परतलेल्या म्हाताऱ्या जोडप्यांची नावे गावच्या विहारात एका वहीत लिहिलेली असावीत, समोर शहरातल्या मुलाचा फोन नंबर असावा. पौर्णिमेला वंदनेनंतर आशाताईंना बोलावून सगळ्यांचा रक्तदाब मोजावा. आणि वाड्यातल्या दोन तरुणांनी रात्री-अपरात्री गाडी काढायची जबाबदारी घ्यावी. ज्या गावात एवढी व्यवस्था होईल, त्या गावी परत जायला आमची हरकत नाही.