खरजेचा किडा आणि शरीराचा पहारा

खरूज हा आपल्या सर्वांच्या ओळखीचा रोग. चाळीत एकाला झाली की बिऱ्हाडातल्या सगळ्यांना होते. परंतु खाज कोण उत्पन्न करतो असे विचारले, तर बहुतेक जण किड्याकडे बोट दाखवतील. ते अर्धेच खरे आहे. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान अशी या किड्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणून अंडी घालते. तिच्या लाळेविरुद्ध व विष्ठेविरुद्ध आपले शरीर जी झुंज देते, तिची ही खाज. म्हणूनच प्रथम लागण झालेल्यास चार ते सहा आठवडे काही जाणवत नाही, दुसऱ्या खेपेस मात्र तो एक-दोन दिवसांतच खाजवू लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केनेथ मेलनबी यांनी शेफील्ड येथे, युद्धास विरोध करणाऱ्या व स्वेच्छेने पुढे आलेल्या तरुणांवर हे पाहिले. साध्या खरजेच्या रोग्याच्या अंगावर सरासरी अकराच माद्या असतात, हेही त्यांनीच मोजून दाखविले.

आता एचआयव्हीकडे वळू. हा विषाणू सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींचा नाश करतो. या पेशी म्हणजे प्रतिकाराच्या कामावरचे मुकादम. ते फार घटले की किड्यांना रान मोकळे मिळते. अकराचे हजारो, क्वचित लाखोही होतात. कातडीवर राखी रंगाचे जाड पापुद्रे चढतात आणि खाज पुष्कळदा अगदी थोडी असते! शरीर गप्प बसते असे मात्र नाही. अशा रोग्याच्या रक्तात आयजीई जातीची प्रतिद्रव्ये अतोनात वाढलेली आढळतात, पण किडा त्यांना दाद देत नाही. आम्हां चळवळीतल्यांना हे चित्र परिचयाचे आहे: सभेत घोषणा मोठ्या, आणि संप एका खात्यातही नाही.

नॉर्वेत डॅनिएलसेन व बेक यांनी हा प्रकार १८४८ मध्ये कुष्ठरोग्यांत वर्णिला, म्हणून त्यास नॉर्वेजियन खरूज म्हणतात.

खाज नाही म्हणून खरजेची शंका येत नाही. इसब किंवा सोरायसिस समजून स्टेरॉइडचे मलम दिले जाते, ते उरलासुरला प्रतिकारही दाबते, आणि गळणाऱ्या पापुद्र्यांतून वॉर्डातील इतरांस लागण होते. भेगांतून जंतू रक्तात शिरले तर जिवावर बेतते. उपचार आहेत: पापुद्रे मऊ करून काढणे, परमेथ्रिनचे मलम, आयव्हरमेक्टिनच्या अनेक मात्रा, घरच्यांवरही त्याच वेळी इलाज, कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुणे, आणि एचआयव्हीवरची औषधे, जी सरकारी केंद्रांत २००४ पासून फुकट मिळू लागली.

या औषधांनी मुकादम कामावर परतू लागले, की दबलेली खाज कधी कधी एकदम उसळते. औषध बाधले असे समजून रोग्याने गोळ्या सोडू नयेत; डॉक्टरांना कातडी दाखवावी. रजा मागताना नोकरीची धास्ती वाटते, हे आम्ही जाणतो. केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली असून तो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.