तलावांच्या काठाने सायकल

सोलापूरला समुद्र नाही, तरी पाण्याकाठची सायकलफेरी इथे शक्य आहे. सिद्धेश्वर तलावालगत भुईकोट किल्ला आणि हुतात्मा बाग आहे, दक्षिणेला विजापूर रस्त्यावर कंबर तलाव, तर उत्तरेला तुळजापूर रस्त्यावर १८७१ साली पूर्ण झालेला हिप्परग्याचा एकरूख तलाव. ही ठिकाणे एकमेकांपासून तुटलेली आहेत. त्यांना जोडणारी सलग वाट हवी. चाळिशीपार जाणाऱ्या उन्हात सायकल कोण चालवणार, असे विचारले जाते. पण फेरी पहाटेचीच असते, आणि वाटेवर लिंबाची सावली वाढवता येते. रस्त्यावरच्या अवजड वाहनांच्या धोक्याचा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर नुसता रंगवलेला पट्टा पुरणार नाही, उंच कठड्याने वेगळी केलेली वाटच लागेल. ती एकदम सगळीकडे होणार नाही, म्हणून सुरुवात किल्ला ते कंबर तलाव या शहरातल्या टप्प्यापासून व्हावी.