बाहुली की खेळणे?

सुटीचे दिवस आले की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. पोरगा मोबाईलमधून मान वर काढत नाही, आणि काढलीच तर टीव्हीवरच्या उडणाऱ्या माणसांकडे वळवतो. ही तक्रार खोटी नाही. पण पोरगा नेमके काय पाहतो, हे त्याच्याजवळ बसून विचारणारे आईबाप किती? सुपरहिरो म्हणजे सगळा मारामारीचा बाजार, असे म्हणून आपण मोकळे होतो. त्या बाजारात एक गोष्ट मात्र अशी आहे, की ती आपल्या घरातल्या मुलाला इतरांपेक्षा लवकर उमगावी. तिचे नाव ‘एक्स-मेन’.

१९६३ साली अमेरिकेत स्टॅन ली आणि जॅक कर्बी या दोघांनी ही चित्रकथा काढली. त्याआधीच्या वीरांची शक्ती कुठून तरी आलेली असे. सुपरमॅन दुसऱ्या ग्रहावरचा, स्पायडरमॅनला कोळी चावलेला. एक्स-मेनच्या बाबतीत तसे काही घडत नाही. ते जन्मालाच तसे येतात. त्यांना म्हणतात ‘म्युटंट’. वयात येता येता कुणाच्या डोळ्यांतून आग निघू लागते, कुणाला दुसऱ्याच्या मनातले ऐकू येते, कुणाची कातडी निळी असते. मग शेजारी दगड उचलतात, पुढारी त्यांच्याविरुद्ध कायदे मागतात, काही घरांत तर सख्खे आईबाप दार लावून घेतात. यांचा गुन्हा काय? जन्म. आमच्या वाचकांना यावर अधिक भाष्य नको.

जाता जाता सांगायचे म्हणजे, हे दोन्ही निर्माते न्यूयॉर्कमधल्या गरीब ज्यू स्थलांतरितांची मुले. स्टॅन ली यांचे जन्मनाव स्टॅन्ली लीबर, कर्बी यांचे जेकब कुर्टझबर्ग. ली सांगत, की खरे नाव आपण पुढे लिहायच्या मोठ्या कादंबरीसाठी राखून ठेवले होते. ती कादंबरी राहूनच गेली, टोपणनाव मात्र जगभर झाले. नाव बदलण्यामागची कारणे प्रत्येकाची वेगळी असतात. आपल्या समाजातही ती कमी नाहीत.

१९९२ साली या कथांवर कार्टून मालिका आली आणि पाच वर्षे चालली. तिचा पहिलाच भाग पालकांनी मुलांबरोबर बसून पाहावा. ज्युबिली नावाची एक पोर आहे, पालक आईबापांकडे वाढलेली. तिच्या हातांतून ठिणग्या उडतात. काळजीपोटी बाप तिचे नाव एका सरकारी म्हणवणाऱ्या कचेरीत नोंदवून येतो. म्युटंट मुलांना मदत करण्यासाठी ही नोंद, असे त्याला सांगितलेले असते. प्रत्यक्षात ती यादी पकडण्यासाठी असते. नाव नोंदले गेले आणि घरावर लोखंडी राक्षस चालून आला. पुढे एक्स-मेन त्या कचेरीत शिरतात ते पैसा किंवा हत्यार पळवायला नव्हे, त्या नोंदी नष्ट करायला. नावांची यादी कोण करतो, कशासाठी करतो आणि ती कुणाच्या हाती पडते, एवढा मोठा प्रश्न मुलांच्या कार्टूनमध्ये मांडलेला पाहून आम्ही तरी थक्क झालो. हीच मालिका २०२४ साली ‘एक्स-मेन ९७’ या नावाने पुढे सुरू झाली. तिच्यात म्युटंटांनी वसवलेल्या जेनोशा बेटावरचा संहार दाखवला आहे. लहान मुलांना तो भाग एकट्याने पाहायला देऊ नये.

चित्रकथेला खरी धार चढली ती १९७५ नंतर. जुन्या संचात सगळी गोरी अमेरिकन मुले होती. नव्या संचात आफ्रिकेतून आलेली स्टॉर्म आली, रशियाच्या शेतावरचा कोलोसस आला, शेपटी असलेला निळा जर्मन नाइटक्रॉलर आला. ख्रिस क्लेअरमाँट यांनी ही कथा १९९१ पर्यंत सोळा वर्षे लिहिली. १९८२ साली त्यांनी एक स्वतंत्र चित्रकादंबरी लिहिली. तिचा खलनायक धर्मोपदेशक आहे. हातात धर्मग्रंथ घेऊन तो सांगतो, की ही माणसे ईश्वराने निर्माण केलेलीच नाहीत. भरसभेत तो नाइटक्रॉलरकडे बोट दाखवून विचारतो, याला माणूस म्हणता? तेव्हा किटी नावाची पोरसवदा मुलगी उभी राहते आणि आपण आपल्या मित्राच्या बाजूने आहोत असे ठणकावून सांगते. ग्रंथाचा आधार देऊन माणसाचे माणूसपण नाकारणे म्हणजे काय, हे शिकवायला मोठमोठे निबंध लागतात. इथे ते चार चित्रांत झाले आहे.

आता पुढची हकीकत कुणी रचून सांगितली असती तर आम्ही विश्वास ठेवला नसता. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या बाहुल्यांवर १२ टक्के जकात होती आणि इतर खेळण्यांवर ६.८ टक्के. बाहुली म्हणजे माणसाची प्रतिकृती, अशी कायद्याची व्याख्या. राक्षस, प्राणी, यंत्रमानव ही नुसती खेळणी. एक्स-मेनच्या छोट्या मूर्ती विकणारी कंपनी मार्व्हलच्याच घरची, टॉय बिझ. जकात वाचवण्यासाठी तिने सरकारविरुद्ध दावा लावला, की आमच्या या मूर्ती माणसांच्या नाहीतच! सरकारी पक्ष म्हणत होता, माणसांच्याच आहेत. वुल्व्हरिनच्या हातातले पंजे आणि बाकीच्यांचे अवयव तपासून न्यायाधीश ज्युडिथ बर्झिले यांनी जानेवारी २००३ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. एक्स-मेन माणूस नव्हेत. चाळीस वर्षे ज्या कथेने ‘आम्हीही माणसेच’ एवढे एकच गाऱ्हाणे मांडले, तिच्या मालकांनी जकातीतल्या पाच टक्क्यांसाठी उलटी साक्ष दिली. चाहते संतापले, तेव्हा आमचे वीर माणसेच आहेत, फक्त असामान्य शक्तीची, अशी सारवासारव कंपनीला करावी लागली. ही हकीकत मुलांना जरूर सांगावी. गोष्ट लिहिणारा आणि गोष्ट विकणारा यांतला फरक त्यांना एका फटक्यात कळतो.

म्हणून आम्ही या कथेवर फुले उधळतो आहोत असे मात्र नाही. तिच्यात एक खोट आहे. ज्याच्या डोळ्यांतून आग निघते त्याला शेजारी घाबरला, तर त्या भीतीत थोडे तरी तथ्य असते. प्रत्यक्ष जगात ज्यांना वेशीबाहेर ठेवले त्यांच्या हातून ना ठिणगी उडत होती, ना पोलाद वितळत होते. त्यांना घाबरण्याजोगे काही नसतानाच त्यांना दूर ठेवले गेले. रूपकाची धाव तेवढीच असते. मुलगा मोठा होईल तसे हेही त्याच्याशी बोलावे.

आपल्याकडचा सुपरहिरो १९९७ साली दूरदर्शनवर आला, तो शक्तिमान. मुकेश खन्ना यांनी गाजवलेली ही मालिका आपल्याही घरांत आवडीने पाहिली गेली. शेवटी येणारे स्वच्छतेचे, अभ्यासाचे चार शब्द चांगलेच होते. पण त्याची शक्ती येते कुंडलिनी जागवून, आणि ओळख लपवण्यासाठी तो जे नाव घेतो ते कोणते? पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. मुखवटासुद्धा पदवीसकट! पोरे त्या लांबलचक नावावर हसत, आणि ते हसण्यासाठीच होते. तरी वेषांतर करताना कांबळे किंवा गायकवाड होऊन पाहावे, असे लेखकाला सुचले नाही एवढे खरे.

नावाचा विषय निघाला म्हणून खेळांकडे येतो. १९९२ सालीच कोनामी या जपानी कंपनीने एक्स-मेनचा खेळ काढला. नाणे टाकून खेळायचे ते मोठे यंत्र होते. त्याच्या सर्वांत मोठ्या प्रकाराला दोन पडदे जोडलेले, आणि समोर सहा जणांनी खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. कोण कुणाचा, हे विचारण्याचे कारणच नसे. नाणे आहे ना, मग ये. आज तेच सहा जण सहा गावांत बसून मोबाईलवर खेळतात. प्रत्येकाने आपले नाव आपणच ठेवलेले असते. वाघ, घोस्ट, किलर, काय वाटेल ते. शाळेच्या हजेरीपटावर जे आडनाव वाचताच मास्तरांचा आवाज बदलतो, ते इथे नाही. मुलगा नेम कसा धरतो, जखमी गड्याला उचलायला धावतो की नाही, यावर त्याची किंमत ठरते. ऑनलाइन खेळांची ही बाजू आमच्या मते साधी नाही. बापाने ओरडण्याआधी ती ध्यानात घ्यावी.

मात्र ही जादू माईक सुरू होईपर्यंतच टिकते. गडी हरू लागले की कानातल्या हेडफोनमध्ये शिव्या सुरू होतात. आईबहिणीच्या तर असतातच, जातीच्याही असतात. मग कुणीतरी सहज विचारावे तसे विचारतो, “भावा, पूर्ण नाव काय तुझं?” या प्रश्नाचा अर्थ आपल्या मुलांना सांगावा लागत नाही. त्यांनी तो वर्गात, बसस्टँडवर, भाड्याची खोली शोधताना ऐकलेला असतो. काही मुले बाणेदारपणे आडनाव सांगतात, काही खोटे सांगतात, काही गुपचूप बाहेर पडतात. यातले कोणते बरोबर, हे बाराचौदा वर्षांच्या पोराने एकट्याने ठरवावे लागू नये. आवाज बंद करण्याची, तक्रार नोंदवण्याची सोय अशा बहुतेक खेळांत असते. ती कुठे आहे, हे पालकांनी मुलाकडूनच शिकून घ्यावे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली, पण शिवीगाळीचा प्रश्न त्याने सुटलेला नाही.

आमच्या ओळखीतली नववीतली एक मुलगी असाच एक खेळ खेळते. तिने आपले नाव ‘वादळ’ ठेवले आहे. स्टॉर्मचे मराठी. माईक ती बंदच ठेवते, कारण मुलीचा आवाज ऐकला की गड्यांचे खेळावरचे लक्ष उडते, असे तिचे म्हणणे. पूर्ण नाव कुणी विचारलेच तर ती पुन्हा ‘वादळ’ एवढेच लिहिते आणि पुढे खेळत राहते.