कंत्राटदाराचा विमा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

फ्लॅटचं काम काढलं की टाइल्सच्या भावावर आठवडाभर घासाघीस चालते. कंत्राटदाराच्या विम्याचा कागद मात्र क्वचितच कोणी मागतं.

गैरसमज: कंत्राटदार ‘पॉलिसी आहे’ म्हणाला, झालं.
वस्तुस्थिती: पॉलिसी कशाची, हे पाहावं लागतं. मजुरांच्या इजेसाठी कामगार नुकसानभरपाई पॉलिसी लागते. खालच्या मजल्यावर पाणी झिरपून शेजाऱ्याचं छत खराब झालं, तर त्रयस्थ पक्षाच्या नुकसानीचं संरक्षण लागतं. पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये नाव, मुदत, कामाचं स्वरूप, ठिकाण आणि मजुरांची संख्या असते. तिथे ‘रंगकाम, २ कामगार’ लिहिलंय आणि घरात सहा जण भिंत फोडतायत, तर दावा अडकू शकतो. पोटकंत्राटदाराची माणसं त्यात धरली आहेत का, हेही विचारा.

गैरसमज: माझा गृहविमा आहे, तो भागवेल.
वस्तुस्थिती: १ एप्रिल २०२१ पासून मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आग, पूर, भूकंप अशा आपत्तींत घराचं आणि घरातल्या सामानाचं नुकसान भरून देते. परांचीवरून पडलेल्या मजुराची भरपाई तिच्यात बसत नाही.

गैरसमज: मजुराच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात, म्हणजे विमा आहेच.
वस्तुस्थिती: प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. पण तो मजुराचा स्वतःचा विमा. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कामावर ठेवणाऱ्याची, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्यापासून आहे. त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. त्या २० रुपयांनी ही जबाबदारी फिटत नाही. नाक्यावरून मजूर तुम्हीच आणले, तर मालक कोण, हा प्रश्न तुमच्याच दारात येऊ शकतो.

गैरसमज: सोसायटीने डिपॉझिट घेतलंय, काळजी नाही.
वस्तुस्थिती: ते राडारोडा आणि लिफ्टच्या नुकसानीपुरतं. तो विमा नव्हे.

म्हणून काम सुरू होण्याआधी शेड्यूलची प्रत घ्या आणि विमा कंपनीच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून पॉलिसी चालू असल्याची खात्री करा. झेरॉक्सवर छापलेल्या क्रमांकावर विसंबू नका. काम लांबलं तर मुदत वाढवून घेण्याची अट करारातच लिहा. एवढं मागितल्यावर कंत्राटदार टाळाटाळ करू लागला, तर कमी दराच्या मोहात पडू नका.