रंगाची बिर्याणी

बिर्याणी हे हैदराबादचे भूषण होय. तिच्या भातावरील पिवळी छटा केशराची. ती कुठे गडद, कुठे फिकी. पार्सलच्या डब्यातील एकजात नारिंगी भात आणि लालबुंद 'चिकन ६५' पाहिले, की हे भूषण रंगाच्या पुडीवर तगून आहे की काय, अशी शंका येते. २०२४ साली तेलंगणच्या अन्नसुरक्षा पथकांनी शहरातील उपाहारगृहे तपासली, तेव्हा काही स्वयंपाकघरांत कृत्रिम रंग आढळले. राष्ट्रीय पोषण संस्था ज्या शहरात १९५८ पासून संशोधन करीत आहे, तेथेच हे घडावे, हा दैवदुर्विलासच!

कायदा संदिग्ध नाही. देशात आठच कृत्रिम रंगांना मुभा आहे; तीही मिठाई, आइस्क्रीम, शीतपेये अशा ठरावीक पदार्थांपुरती आणि ठरावीक प्रमाणात. बिर्याणी व कबाब त्यांत बसत नाहीत.

आम्हां गोमंतकीयांनी मात्र हैदराबादला हसू नये. २०२४ मध्ये म्हापसा पालिकेने गोबी मंच्युरियनवरच बंदी घातली. शेजारच्या कर्नाटकाने त्याच वर्षी मार्चमध्ये पदार्थ राहू दिला, त्यातील कृत्रिम रंग तेवढा निषिद्ध ठरविला. गाडेवाल्याच्या पोटावर पाय न देता ग्राहकाचे पोट सांभाळणारा हा दुसरा मार्गच आम्हांस शहाणपणाचा वाटतो.

परंतु पथकाची पाठ फिरताच पुडी पुन्हा बाहेर येते. कारण फिका कबाब गिऱ्हाईकालाच रुचत नाही. पार्सल बांधण्यापूर्वी "रंग घातला आहे काय?" एवढे विचारण्यास पैसा पडत नाही. तो प्रश्न दहा तोंडांतून आला, तर छाप्याहून अधिक काम करील.