उथळ पाण्यातील नाव

अमेरिकेच्या दक्षिण भागातील संथ नद्यांत व दलदलींत पाणी पुष्कळ ठिकाणी गुडघाभरच असते. तेथे मासे धरणारे लोक ॲल्युमिनियमची, सपाट तळाची लहान नाव पसंत करतात. तिला ‘जॉन बोट’ म्हणतात.

तरंगणारी नाव आपल्या भाराइतके पाणी बाजूस सारते. पेटीच्या आकाराची, ३ मीटर लांब व १ मीटर रुंद नाव माणसांसह ३०० किलोग्रॅम भाराची असली, तरी १० सेंटिमीटरच बुडते. निमुळत्या तळाची तेवढीच नाव अधिक खोल जाऊन गाळात रुतते. ॲल्युमिनियमचे वजन तेवढ्याच आकाराच्या लोखंडाच्या सुमारे एकतृतीयांश असते. म्हणून ही नाव काठावर सहज ओढता येते.

मात्र निमुळता तळ लाटा कापीत जातो. सपाट तळावर त्या आदळतात आणि नावेत पाणी शिरण्याचे भय असते. म्हणून नाव निवडताना पाण्याची खोली व लाटांचा जोर, दोन्ही पाहावी लागतात.